अंड्यावर आलेले बदक: खाद्य, उजेड आणि अडलेले अंडे

सांगली-मिरजेतल्या बंगल्यांच्या अंगणात, कराड-पाटणकडच्या वस्त्यांवर, तासगाव-पलूसच्या शेततळ्यांकाठी हौसेने दोन-चार बदके पाळली जातात. त्यांच्याबद्दल सल्ला मात्र बहुतेक वेळा पोल्ट्रीवाल्याकडून मिळतो: रात्री बल्ब लावा, लेअर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य) वाढवा, अंडी वाढतील. पोल्ट्रीचे गणित वेगळे असते. तिथे मादी दीड-दोन वर्षे अंडी देते आणि मग विकली जाते. पुढे तिच्या पोटात काय बिघडले असते, हे बघायची वेळच येत नाही. घरचे बदक नीट सांभाळले तर आठ-दहा वर्षे जगते आणि मादीच्या जिवावर बेतणारी बरीचशी दुखणी अंड्याशीच जोडलेली असतात. म्हणून घरच्या बदकासाठी हिशोब उलटा मांडायचा. अंडी थोडी कमी मिळाली तरी चालतील, पण कवच घट्ट हवे आणि वर्षातून काही महिने अंडनलिकेला विश्रांती हवी.

हे उलटे गणित का, ते आकड्यांत बघू. मस्कोव्ही ही वेगळी जात सोडली तर सगळी पाळीव बदके मॅलार्ड या जंगली बदकाची वंशज आहेत. जंगली मॅलार्ड मादी साधारणपणे वर्षातून एकदा ८ ते १३ अंडी घालते, उबवते आणि थांबते. आपल्याकडे दिसणारी तपकिरी बदके बहुधा खाकी कॅम्पबेल किंवा तिच्या संकरातली. ही जात इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तयार झाली आणि चांगल्या संगोपनात वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. एक अंडे ६५ ते ७५ ग्रॅमचे, त्यात कवच साधारण साडेसहा ग्रॅम. ३०० अंड्यांचे कवच धरले तर जवळजवळ दोन किलो होते, आणि मादीचे स्वतःचे वजनही तेवढेच असते. वर्षभरात आपल्या वजनाएवढे कवच तिला अंगातून तयार करावे लागते. पांढरी पेकिन अंडी कमी देते, पण तिचे अंग जड आणि चरबी पटकन चढणारी. तिची काळजी निराळी.

अंडे आत कसे तयार होते

मादी बदकात फक्त डावीकडचे अंडाशय आणि डावीकडचीच अंडनलिका काम करते. पिवळा बलक अंडाशयातून सुटतो आणि अंडनलिकेच्या फुलासारख्या उघड्या तोंडात पडतो. तिथे तो पाव ते अर्धा तास असतो. पुढच्या भागात सुमारे तीन तास पांढऱ्याचे थर चढतात, त्यानंतर तास-सव्वा तासात दोन पातळ पापुद्रे बसतात. मग अंडे कवचाच्या पिशवीत जाते आणि तिथे १८ ते २० तास मुक्काम करते. सगळा प्रवास सुमारे २४ ते २५ तासांचा. त्यातला सगळ्यात लांब टप्पा कवचाचा, आणि तो बहुतेक रात्रीच होतो, कारण बदके पहाटे ते सकाळी नऊच्या आत अंडी घालतात.

या प्रवासातली दोन ठिकाणे लक्षात ठेवा. पहिले ते उघडे तोंड. बलक तिथे न पडता बाहेर पोटात पडला तर एक आजार होतो, तो पुढे येईलच. दुसरे कवचाची पिशवी. ती रात्रभर रक्तातून कॅल्शियम ओढत असते, आणि अंडे बाहेर ढकलण्यासाठी तिच्याच स्नायूंना आकुंचन पावावे लागते. स्नायूंच्या आकुंचनालाही कॅल्शियमच लागते. म्हणजे कॅल्शियम कमी पडले की कवच मऊ होते आणि ते मऊ अंडे ढकलायला ताकदही उरत नाही. मऊ कवचाचे अंडे अडण्याची शक्यता जास्त असते, ती यामुळेच. घट्ट अंडे स्नायूंच्या पकडीत येते, मऊ अंडे दाबले की दबते आणि जागचे हलत नाही.

रात्री कॅल्शियम येते कुठून? दिवसा खाल्लेले आतड्यातून, आणि आतडे रिकामे झाले की हाडांतून. अंड्यावर आलेल्या मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा एक खास साठा तयार होतो. रात्री तो वापरायचा आणि दिवसा भरायचा, असा रोजचा व्यवहार चालतो. दिवसा भरणा कमी पडत गेला की खऱ्या हाडांवर टाच येते. मादी लंगडते, बसून राहते, पाय मोडतो. म्हणून शिंपल्यांचा जाडसर चुरा संध्याकाळच्या खाण्याबरोबर ठेवावा. दोन ते चार मिलिमीटरचे खडे तिच्या पेषणीत, म्हणजे खाल्लेले दळणाऱ्या जठरात, रात्रभर राहतात आणि हळूहळू विरघळतात. पीठासारखी बारीक पूड लवकर पुढे सरकते. तिचा रात्री फारसा उपयोग होत नाही.

ज्वारीने पोट भरते, कवच होत नाही

साडेसहा ग्रॅम कवचात सुमारे अडीच ग्रॅम कॅल्शियम असते. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मेच अंगी लागते, म्हणून रोज अंडे देणाऱ्या मादीच्या पोटात दिवसाला पाच ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जायला हवे. साडेतीन टक्के कॅल्शियमचे लेअर फीड दिवसाला दीडशे ग्रॅम खाल्ले तर ते भरून निघते. आता दीडशे ग्रॅम ज्वारी घ्या. तिच्यातून मिळणारे कॅल्शियम सुमारे ०.०४ ग्रॅम, शंभरावा हिस्सासुद्धा नाही. गहू, मका, तांदळाची कणी यांचीही गोष्ट फार वेगळी नाही. उलट धान्यात फॉस्फरस जास्त असतो, तो कॅल्शियम अंगी लागण्याच्या आड येतो. शिळ्या भाकरीवर, भातावर आणि पावावर पोसलेले बदक जाड दिसते, पण आतून कॅल्शियमला उपाशी असते. वर ओटीपोटात चरबी साठते आणि अंड्याची वाट अरुंद होते. धान्य, भाकरी, खाऊ मिळून रोजच्या खाण्याचा दहावा भाग, त्याहून जास्त नाही.

मग सगळ्यांना लेअर फीडच घातले तर? इथे दुसरी चूक होते. नरांना, पिल्लांना आणि अंडी न देणाऱ्या माद्यांना इतके कॅल्शियम महिनोन्‌महिने मिळाले तर मूत्रपिंडे खराब होतात आणि सांध्यांत, पोटात युरिक आम्ल साठते. अंगणात चार बदके एकाच ताटात खात असतील तर सर्वांसाठी एक टक्का कॅल्शियमचे ग्रोअर फीड (वाढत्या पक्ष्यांचे तयार खाद्य) ठेवावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात. जिला गरज आहे ती आपण होऊन खाते, नर त्याकडे सहसा ढुंकूनही बघत नाहीत. चुरा खाद्यात कालवू नका, कालवला की निवड करायचा तिचा हक्क जातो. पोल्ट्रीच्या दुकानात 'शेल ग्रिट' मागितले की मिळते. घरातली अंड्यांची टरफले चालतात, फक्त ती ओव्हनमध्ये किंवा तव्यावर कडक भाजून जाडसर चुरायची. पानाला लावायचा चुना देऊ नका. तो दाहक असतो आणि तोंडाची, अन्ननलिकेची आग करतो.

कॅल्शियम अंगी लागायला डी३ जीवनसत्त्व लागते. तयार फीडमध्ये ते असते, आणि अंगावर थेट ऊन पडले की शरीरही तयार करते. फ्लॅटच्या बंद बाल्कनीत काचेतून येणारे ऊन त्यासाठी उपयोगाचे नाही. हिरव्या चाऱ्यात लसूणघास उत्तम, बारीक कापून द्यावा. शेवग्याचा पाला, कोबीची पाने चांगली. पालक आणि चाकवत कधीतरी, कारण त्यांतले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते.

आता बुरशी. आपल्या भागात शेंगदाणा पेंड आणि मका दोन्ही मुबलक, आणि पावसाळ्यात दोन्हींना बुरशी लागते. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि बदक त्याला विलक्षण हळवे असते. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे हजारो टर्की पक्षी मेले, त्यांच्याबरोबर बदकाची पिल्लेही. अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला तो त्यातूनच. हे विष यकृतावर घाला घालते. अंड्याच्या बलकाचे द्रव्य यकृतातच बनते, त्यामुळे आधी अंडी कमी होतात, कवच बिघडते, बदक सुकत जाते. म्हशीला चाललेली पेंड बदकाला चालेल असे धरू नका. जून ते सप्टेंबरमध्ये पंधरा दिवस पुरेल एवढेच खाद्य आणा, पोते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, गोळे झालेले किंवा कुबट वास येणारे खाद्य वाळवून, भाजून वापरू नका. विष उन्हाने किंवा तव्याने जात नाही. ओल्या पाचटाचे अंथरूणही नको, त्यातल्या बुरशीने फुप्फुसे धरतात. भाताचे तूस किंवा कोरडे गवत बरे.

उजेड: बल्ब काढा

दिवस मोठा होतो आहे हे बदकाच्या मेंदूला कळते आणि त्यावरून अंडाशय जागे होते. १४ ते १६ तास उजेड मिळाला की अंडी जोरात सुरू राहतात. साताऱ्यात आणि सांगलीत जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा, डिसेंबरमधला सर्वांत लहान सुमारे ११ तासांचा. हा फरक फार मोठा नाही, म्हणून आपल्याकडे बदके थंड देशांतल्यासारखी हिवाळ्यात आपोआप पूर्ण थांबतीलच असे नाही. त्यात खुराड्यावर रात्रभर बल्ब असेल, किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा झोत आत येत असेल, तर थांबण्याचे कारणच उरत नाही. साप-मुंगसाच्या भीतीने दिवा लावत असाल तर जाळी पक्की करा आणि दिवा बाहेरच्या बाजूला, खुराड्यात उजेड पडणार नाही असा लावा.

वयात येण्याआधी, म्हणजे साडेचार-पाच महिन्यांच्या आत, बल्ब लावून अंड्यावर आणलेल्या माद्यांचे हाल सर्वांत वाईट होतात. ओटीपोटाची हाडे अजून फाकलेली नसतात आणि अंडे मात्र तयार होते. अंडे अडणे आणि अंग (अंडनलिकेचा भाग) बाहेर येणे, दोन्हींचा धोका अशा मादीला जास्त.

विश्रांती देण्याचा दुसरा मार्ग म्हणजे खुडूक बसू देणे. रोज अंडे उचलले की मादी पुन्हा घालत राहते. घरट्यात लाकडी किंवा प्लॅस्टिकची आठ-दहा अंडी ठेवली तर काही माद्या बसतात आणि अंडी देणे थांबते. दिवसातून दोनदा उठवून खायला-प्यायला घालावे लागते. खाकी कॅम्पबेल मात्र सहसा खुडूक बसत नाही, तिच्यासाठी अंधार आणि साधे ग्रोअर फीड हेच उपाय. पीसझड सुरू झाली की अंडी बंद होतात, तेव्हा घाबरू नका आणि जबरदस्तीने सुरूही करू नका. खाणे-पाणी तोडून अंडी थांबवण्याचा प्रकार कधीही करू नये.

कवच काय सांगते

कॅलेंडरवर रोज एक खूण करा: अंडे आले की नाही, आणि कवच कसे. एवढ्याने अर्धे निदान घरी होते. पहिल्या पंधरा-वीस दिवसांत एखादे मऊ, एखादे दोन बलकांचे, एखादे लिंबाएवढे बिनबलकाचे अंडे येणे चालते. पहिल्या काही अंड्यांवर रक्ताची पुसट रेघ असू शकते. नियमित अंडी देणाऱ्या मादीची लागोपाठ दोन-तीन अंडी पातळ, खरखरीत किंवा सुरकुतलेली आली तर खाद्य, उष्णता आणि आजार या क्रमाने तपासा.

उष्णतेचे कारण थोडे समजावून घ्या. जत, आटपाडी, माण, खटावच्या एप्रिल-मे महिन्यांत बदक चोच उघडी ठेवून धापा टाकते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते, त्यातला कार्बोनेट याच वायूपासून बनतो. तो कमी पडला की कॅल्शियम भरपूर असूनही कवच पातळ होते. शिवाय उकाड्यात बदक खाते कमी. पहाटे आणि अंधार पडताना खाद्य द्या, डोके पूर्ण बुडेल इतके खोल पाणी सावलीत ठेवा आणि दुपारी बदला.

कोंबड्याही असतील तर एक सांगणे आहे. एग ड्रॉप सिंड्रोम नावाच्या आजाराचा विषाणू मुळात बदकांचा. बदकाला बहुधा काही होत नाही, पण त्याच्या विष्ठेतून आणि पाण्यातून तो कोंबड्यांत गेला की त्यांची अंडी मऊ कवचाची किंवा बिनकवचाची येऊ लागतात. दोघांचे पाणी आणि मुक्कामाची जागा वेगळी ठेवा.

मादी अंड्याला अडते तेव्हा

रोज अंडे देणाऱ्या मादीने एक दिवस दिले नाही, पण ती खाते, पोहते, चालते, तर काळजी नाही. चिंता तेव्हा, जेव्हा अंडे नाही आणि सोबत पुढचे काही दिसते: ती इतरांपासून बाजूला उभी आहे, छाती वर आणि शेपूट जमिनीकडे झुकलेली, श्वासागणिक शेपूट वर-खाली होते आहे, घरट्यात जाऊन पुन्हा बाहेर येते, कुंथते आहे, विष्ठा येत नाही किंवा पातळ पांढरी पिचकारी येते, पाय फाकवून चालते किंवा बसकण मारते. अडलेले अंडे पायांकडे जाणाऱ्या नसांवर आणि मूत्रवाहिन्यांवर दाब देते, म्हणून पाय जातात आणि मूत्रपिंडांना धोका होतो. ही लक्षणे दिसली की घड्याळ लावायचे. २४ तासांच्या आत अंडे बाहेर यायला हवे, आणि मादी आडवी पडली असेल, धाप लागली असेल तर तेवढाही वेळ नाही.

हात लावून बघायचे असेल तर मादीला काखेत धरा, तोंड मागच्या दिशेला. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना ओटीपोटाच्या हाडांची दोन टोके लागतात. अंड्यावर आलेल्या मादीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे बसतात, अंडी बंद असलेल्या मादीत जेमतेम एक. त्या टोकांच्या खाली पोटावरून तळहात हलका फिरवला की कडक गोल अंडे जाणवू शकते. मऊ अंडे हाताला लागत नाही, तेव्हा हाताला काही लागले नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. दाबू मात्र अजिबात नका. आत फुटलेल्या अंड्याच्या टोकदार कपच्या अंडनलिका फाडतात.

घरी करण्यासारखे एवढेच: घमेल्यात किंवा टबात ३८ ते ४० अंशांचे पाणी घ्या, कोपराला सुखद कोमट लागेल इतके. पोट आणि गुदद्वार बुडेल एवढ्या पाण्यात तिला २० ते ३० मिनिटे बसवा. तिथून हलू नका, दमलेले बदक मान टाकते आणि उथळ पाण्यातही गुदमरते. मग टॉवेलने पूर्ण कोरडे करून उबदार, अंधाऱ्या, शांत खोक्यात ठेवा. ती आपण होऊन खात असेल तर ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची डी३ असलेली एक गोळी चुरून थोड्या ओल्या खाद्यातून एकदा द्या, आणि ती दिल्याचे डॉक्टरांना सांगा. चोच उघडून पातळ औषध ओतू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, औषध फुप्फुसात जाते. तासा-दोन तासांनी एकदा पुन्हा तशाच कोमट पाण्यात बसवा. तरीही अंडे आले नाही तर पुढचे काम डॉक्टरांचे.

दुभती जनावरे असलेल्या घरांना एक कळकळीचे सांगणे. गाईची कॅल्शियमची बाटली गोठ्यात असते, तिचा डोस चारशे किलोच्या जनावरासाठी असतो. आणि म्हशीला पान्हा सोडवायला चोरून वापरले जाणारे ऑक्सिटोसिन बदकाला टोचू नका. त्याने अंडनलिका जोरात आकुंचन पावते, आणि वाट मोकळी नसताना, अंडे आत चिकटलेले असताना ती फाटते आणि मादी तासाभरात जाते. डॉक्टर आधी एक्स-रे काढून अंडे कुठे आणि कसे आहे ते बघतात, कॅल्शियम ग्लुकोनेट पातळ करून टोचतात, आणि गरज वाटली तरच पुढचे औषध देतात. नाहीच आले तर जाड सुईने अंड्यातला ऐवज ओढून कवच आत दुमडून काढतात. हे भूल देऊन, सवयीच्या हातानेच व्हायला हवे.

अडल्यासारखे दिसते, पण नसते

तासगाव, पलूस, मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात बदक बागेत फिरत असेल तर मांडवाच्या तारेचे तुकडे विसरू नका. चकाकणारी बारीक वस्तू बदक सहज गिळते. तारेवरचा जस्ताचा मुलामा पेषणीत विरघळतो आणि जस्ताची विषबाधा होते. पाय लटपटतात, विष्ठा हिरवी होते, खाणे सुटते. बाहेरून बघणाऱ्याला मादी अंड्याला अडली असेच वाटते. एक्स-रेमध्ये तारेचा तुकडा पांढराशुभ्र दिसतो. डॉक्टरांना बाग जवळ आहे हे आधी सांगा, फवारणी कशाची आणि कधी झाली तेही.

उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्यात काही कुजलेले असेल तर त्यातल्या जंतूंच्या विषाने बॉट्युलिझम नावाचा आजार होतो. त्यात आधी पाय आणि मग मान लुळी पडते. अडलेल्या मादीची मान ताठ असते. हा फरक लक्षात राहू द्या. नराला आणि मादीला एकाच वेळी लक्षणे दिसली तर कारण अंडे नाही.

अंग बाहेर आले तर

कुंथून कुंथून अंडनलिकेचा भाग गुदद्वारातून बाहेर येतो. लाल, ओला, चकाकता मांसाचा गोळा. पहिले काम त्या मादीला वेगळे करणे, कारण इतर बदके लाल रंगावर चोच मारतात आणि नर चढतात. मेडिकलमधल्या सलाइनने धुवा. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ. सूज जास्त असेल तर त्यावर साखरेचा जाड थर दहा-पंधरा मिनिटे ठेवा. साखर पाणी ओढते आणि गोळा लहान होतो. पुन्हा धुऊन, पाण्यात विरघळणारी जेली लावून, सलाइनच्या ओल्या कापडाने झाकून दवाखान्यात न्या. हळद, राख, जनावरांच्या जखमेवरचा रंगीत स्प्रे यांतले काही लावू नका. तो भाग सुकला की मरतो, आणि काळा पडला तर आत ढकलून उपयोग नाही. आत अंडे असेल तर आधी ते निघायला हवे. डॉक्टर आत सारून दोन टाके घालतात. त्यानंतर काही आठवडे अंडी येऊ नयेत म्हणून दिवसाला आठ-दहा तासच उजेड.

बलक पोटात पडतो तेव्हा

हा आजार गाजावाजा न करता येतो, आणि म्हणून जास्त माद्या घेऊन जातो. बलक नळीत न पडता पोटाच्या पोकळीत पडतो. एखाद-दुसरा शरीर शोषून घेते. वारंवार पडू लागला, किंवा अंडनलिकेतून ई-कोलायसारखे जंतू वर चढले, की पोटात पू आणि पाणी साठते. मादीची अंडी बंद होतात, पण ती रोज घरट्यात जाऊन बसते. पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे लागते आणि छातीचे हाड मात्र धारदार होत जाते. वजन काट्यावर तेवढेच दिसते, कारण गेलेल्या मांसाचे वजन पोटातले पाणी भरून काढते. म्हणून आठवड्यातून एकदा वजन करताना छातीचे हाडही चाचपून बघा. कधी कधी घरट्यात अंड्याऐवजी पनीरसारखा पिवळसर, थरांचा गोळा सापडतो. तो अंडनलिकेतल्या जुन्या पुवाचा असतो.

डॉक्टर सोनोग्राफी करतात, पाणी काढून श्वास मोकळा करतात, त्या पाण्याची तपासणी करून प्रतिजैविक ठरवतात. औषध अंदाजाने, अर्धवट दिवस दिले तर जंतू बळावतात. तोपर्यंत नवे बलक पडणे थांबवणे हाच खरा उपचार, आणि त्यासाठी पुन्हा अंधार, साधे खाद्य. परदेशात अंडाशय झोपवणारे हॉर्मोनचे इम्प्लांट वापरतात. चार-पाच वर्षांवरच्या मादीत अशाच लक्षणांमागे अंडाशयाची गाठही असते, आणि तिथे बरे होण्याची आशा कमी. मादी खात नसेल, श्वासाला धडपडत असेल, तर तिला शांतपणे मरू देण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला संकोच करू नका.

जंतू वर चढण्याचे एक मोठे कारण घाणेरडे पाणी. बदके पाण्यात जुगतात. ज्या टबात विष्ठा तरंगते त्याच पाण्यात मीलन झाले की जंतूंना सरळ वाट मिळते. टब रोज रिकामा करा, आणि पाणी झाडांना घाला. दुसरे कारण जास्तीचे नर. एका नरामागे पाच-सहा माद्या हव्यात. दोन माद्यांवर दोन नर ठेवले की मानेची पिसे उपटली जातात, पाठ सोलते, गुदद्वार फाटते. एकच मादी असेल तर नर जाळीपलीकडे ठेवा. अंडी द्यायला मादीला नराची गरज नसते.

घरट्यासाठी जमिनीलगत ३५ ते ४० सेंटिमीटर रुंदीची अंधारी पेटी पुरते, तळाला आठ सेंटिमीटर कोरडे तूस. सकाळी नऊपर्यंत बदके आतच ठेवली की अंडी तिथेच मिळतात आणि कोण अंडे घालत नाही हेही कळते.

डॉक्टर गाठताना

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बहुतेक काम गाई-म्हशी-शेळ्यांचे चालते. बदक आणतोय हे आधी फोन करून सांगा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. एक्स-रे आणि सोनोग्राफी शहरांतल्या कुत्र्या-मांजरांच्या खासगी दवाखान्यांत होऊ शकते, आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हे पत्ते मादी ठणठणीत असतानाच शोधून ठेवा, कारण बदके पहाटे अडतात आणि तेव्हा शोधाशोध जमत नाही.

न्यायला हवेशीर पुठ्ठ्याचे खोके, तळाला टॉवेल, पाण्याचे भांडे नको. सांगायला चार गोष्टी तयार ठेवा: वजन, शेवटचे अंडे कधी आणि कसे आले, रोजचे खाद्य काय, घरी काय दिले. कॅलेंडरच्या पानाचा फोटो दाखवला तरी चालतो. एकाच वेळी दोन-तीन बदके अचानक मेली, अंडी एकदम बंद झाली, तर ते अंड्याचे दुखणे नाही. डक प्लेग, पक्ष्यांचा कॉलरा किंवा बर्ड फ्लू असे साथीचे आजार असू शकतात. मेलेले बदक न उघडता, हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा. डक प्लेगची लस आठ ते बारा आठवड्यांच्या वयात देतात.

औषध चालू असताना आणि बंद केल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या मादीची अंडी माणसांनी खाऊ नयेत, दुसऱ्यांना देऊही नयेत. निरोगी बदकाचे अंडेसुद्धा बलक घट्ट होईपर्यंत शिजवूनच खावे, साल्मोनेला जंतूंचा धोका असतो. मळलेले अंडे गार पाण्यात बुडवून ठेवू नका. आतला भाग आक्रसतो आणि कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. कोरड्या कापडाने पुसा, फारच मळलेले टाकून द्या.